नाभीय अंतर

रावपुऱ्यात किरीटभाईंच्या दुकानात
हिरव्या मखमलीवर तीन लेन्स आडव्या:
एक वरवंट्याएवढी,
एक तिची थोरली जाऊ,
आणि तिसरी पांढरी, जिच्याकडे बोट करण्याआधीही
किंमत विचारावी अशी.

"काय काढायचंय, ताई? वाघ? पक्षी? वरात?"
म्हटलं, सर्फिंग.
त्यांनी पंखा एक आकडा कमी केला.
"वडोदऱ्यात?"

एकतीस वर्षं मी संग्रहालयात नाणी काढली.
क्षत्रपांची चांदी, झिजल्या कडेची,
एक ताम्रपट, ज्यात कुणी कुणाला शेत दिलं
आणि साक्षीला तळं लिहिलं.
सगळं काम वीतभर अंतरातलं.
नाण्याला थांब म्हणावं लागत नाही.

आणि वल्लरी,
जिला मी लालबागच्या तरणतलावावर दंडाला धरून न्यायची,
जी पायरीवरच बसून रडायची,
ती आता मुल्कीला फळीवर उभी राहते.
किनाऱ्यापासून किती लांब, विचारलं
तर म्हणाली, "लाटेवर, आई."

म्हणजे दीडशे मीटर. भरतीला कमी, कधी दोनशे.
म्हणजे चारशे तरी हवी, किरीटभाई सांगतात.
तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर छोटा,
चारशेचे सहाशेचाळीस होतील,
फुकटात, भाजीवरच्या कोथिंबिरीसारखे.
सहाशेवाली घ्याल तर ऊन चढल्यावर
वाळूवरची हवा थरथरते, तिचाच फोटो येतो.
शटर हजारात एक. नाही, दोन हजारात.
समुद्राचं पाणी खारं असतं
हे त्यांनी तीनदा सांगितलं.

शाळेच्या पुस्तकात याला नाभीय अंतर म्हणत.
व्याख्येला दोन गुण होते.
मला दीड मिळाला होता,
अर्धा कशात गेला ते बाई बोलल्या नाहीत.

"बाहेर नेऊन बघू का?"
सोबत नीरवला दिलं, शिकाऊ पोरगा,
लेन्सची काळजी म्हणून, की माझी.
काळाघोड्याच्या पुलावर उभे राहिलो.
विश्वामित्रीत लाट नसते.
मगर असते.

सहाशेवर: एक डोळा.
पापणीच्या काठावर माशी, तिचे पाय मोजावेत इतकी.
सुरेख. पण मगर कुठे आहे
ते त्या फोटोत कुठेच नव्हतं,
पाण्यात की चिखलात, ऐलतीरी की पैल.
गोल, स्वच्छ, कडेपर्यंत भरलेला.
असा फोटो मला येतो. तोच तर येतो.

शंभरवर: कलती बाभूळ, पिशव्यांचा गाळ,
कुणाची तरी वाळत घातलेली निळी चादर,
खूपसं पाणी,
आणि एक ओंडका, जो ओंडका नव्हता.
नीरव पडद्यावर वाकून म्हणाला,
"मासी, आमां तो कंई देखातुं नथी."
मला दिसत होती.

मी वरवंटा घेतला. शंभर ते चारशे.
ग्रॅच्युइटीचा उरलेला तुकडा मोडला.
किरीटभाईंनी खाऱ्या वाऱ्यासाठी प्लास्टिकचं टोपरं दिलं,
ओल शोषायच्या चार पुड्या, आणि पावतीवर
पेनानं लिहिलं: वाळूत लेन्स बदलू नये.

रात्री फोन.
"केवढी आहे गं?"
वरवंट्याएवढी.
"म्हणजे तू वरवंटा घेऊन किनाऱ्यावर उभी?"
उभी. पोट टेकायला कठडा नसेल, तर एकपायी स्टँड घेईन.
सेकंदाला दहा फोटो निघतात.
"आणि मी पडले तर?"

सांगितलं, तरी बटणावरचं बोट काढणार नाही.

ती हसली.
तिच्या मागे काहीतरी कोसळलं,
पाणीच असावं,
आणि मग तिला माझं पुढचं ऐकू आलं नाही.