दगडाची पाठ

मला चाळीस शब्दांची परवानगी आहे.
त्यात काळ, दगडाची जात, उंची, सापडला कुठे,
आणि जागा उरलीच तर महत्त्व.

क्रमांक एकोणीस. गद्धेगाळ. शिलाहारकाळ.
काळा पाषाण, उंची साडेतीन फूट.
नाल्याच्या खोदकामात, खाडीकडच्या अंगाला.
वर चंद्र-सूर्य, मध्ये झिजलेल्या सात ओळी,
आणि खाली ते चित्र, जिथे पोचताच
शाळेच्या बाई मुलांना नाण्यांकडे वळवतात.

बेलापूरच्या या हॉलमध्ये मागच्या महिन्यात
किचन ट्रॉल्यांचा सेल होता.
फरशीवर त्यांच्या स्टॉलचे चिकटपट्टीचे चौकोन
अजून निघाले नाहीत.
आम्ही त्याच चौकोनांत खापरं मांडली.

तिसऱ्या दिवशी दुपारी पोशीबाई मढवी आल्या.
नातवानं रिक्षातून आणलं, तो बाहेर फोनवर.
खापरं नाही, नाणी नाही, थेट एकोणीसपाशी.
कार्ड वाचलं नाही. पुढून पाहिलंही नाही.
भिंत आणि दगड यांच्यातल्या वीतभर फटीत
हात घातला कोपरापर्यंत,
अडलेल्या गाईचं वासरू चाचपावं तसा.
गार्ड ओरडला.
"यो त आमचे बावीवरचा," त्या म्हणाल्या.
"हां. हाय खळगा."

खळगा मी नोंदवला होता :
मागील बाजूस घर्षणाच्या खुणा, कारण अनिश्चित.
कारण समोर उभं होतं,
गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, बोटांच्या पेरांना गाठी.
मिठागरावरून आलेले ताठ सदरे,
बाळंतिणीची धुणी,
एकदा म्हणे अख्ख्या वरातीची सतरंजी.

म्हणजे दगड पालथा होता.
शाप चिखलात तोंड खुपसून
आणि पाठीवर साबणाचा फेस.
किती पिढ्या, ते कार्डावर नाही.

"म्होरं काय लिवलंय?"

मी आवाज खाली आणला, का कोण जाणे.
म्हटलं, राजानं कुणालातरी जमीन दिली.
आणि जो कुणी ती हिरावून घेईल, त्याच्या घरी...
पुढचं बोटानं दाखवलं.

त्यांनी चित्र पाहिलं. नीट, वाकून.
हसल्या नाहीत, पदरही तोंडाला लावला नाही.
मनात कसलासा हिशेब चालला होता :
बाव, दोन खाचरं, वाल पेरायचा तुकडा,
सेक्टर, नोटीस, साडेबारा टक्के.

मग म्हणाल्या, "लागला कं कुनाला?"

याचं उत्तर चाळीस शब्दांत बसेल का, पाहत राहिलो.
तोवर त्या गार्डला विचारत होत्या, मुतारी कुठंय.

प्रदर्शन रविवारी संपलं.
टेम्पोत चढवताना हमाल म्हणाले,
सपाट बाजू वर घेऊ साहेब, डुगडुगणार नाही.
मी काही बोललो नाही.
पामबीचच्या सिग्नलला मागे वळून पाहिलं,
तर एकानं त्याच्यावर बूड टेकलेलं,
दुसऱ्यानं डबा उघडलेला,
आणि खळग्यात,
बरोबर मापाची,
लोणच्याची पुडी.