नावं ठेवणं

इल्येउसच्या दवाखान्यात डॉक्टर ग्लाउसिया
पडद्यावरच्या करड्या वर्तुळावर पेनाचं टोक टेकवून म्हणाल्या,
डाव्या बीजकोशात आहे. चार पूर्णांक सहा सेंटीमीटर.
आम्ही हिला चॉकलेटची गाठ म्हणतो.

मला हसू फुटलं, एदिवानिया. तुझी शपथ, मोठ्यांदा.
बावीस वर्षं मी कोको वाळवतेय,
अनवाणी पायांनी बिया उलथतेय फळ्यांवर,
नखांतला आंबूस वास लग्नातसुद्धा गेला नव्हता,
आणि चॉकलेट खाल्लं असेल मोजून चारदा.
आता म्हणे ते माझ्या पोटातच तयार होतंय.

चॉकलेट कुठलं गं. जुनं रक्त ते.
गर्भाशयाचं अस्तर वाट चुकून भलतीकडे रुजतं
आणि तिथंही इमानानं पाळी पाळतं.
बाहेर पडायला दार नाही,
मग साचतं, आटतं, काळवंडतं.

नावं तर आधीही ठेवलीच होती सगळ्यांनी.
मुकादम सेवेरिनो म्हणायचा, कामचुकार.
सासू म्हणायची, फारच नाजूक बाई.
जोएल पाठ फिरवून काहीच म्हणायचा नाही,
तेही एक नावच.
आई म्हणाली, एक मूल झालं की थांबेल.
मूल झालं नाही. थांबलंही नाही.
मी अंगावर काढत राहिले.
उन्हात तापलेलं कोकोचं फळ ओटीपोटाशी धरून
गोदामामागे बसायचे, कुणी पाहत नाही तोवर.

कापून काढली तर चांगली बीजंही जातील सोबत, डॉक्टर म्हणाल्या.
आधी हार्मोनची गोळी घेऊन बघू.
रोज रात्री नऊला. खंड नको.
गाठ विरेलच असं नाही,
पण तिला दर महिन्याला मिळणारं खाद्य तुटेल.

आपल्या वाळवणावर रुळांवरचं छप्पर असतं ना,
ढग दिसला की साऱ्याजणी धावतो, खांदा लावतो,
आणि ते करकरत बियांवर येतं.
पाऊस त्यानं थांबत नाही.
मला गोळी तशी समजली.

पहिले तीन महिने मात्र विचारू नकोस.
थेंबथेंब डाग, कधीही, कुठेही.
रात्री घामानं उशी ओली.
साबणाची जाहिरात बघून रडले,
जोएलवर ताट आपटलं,
मग तोच फरशी पुसत बसला, मुकाट.
सरकारी औषधांच्या खिडकीवर एकदा गोळ्या संपलेल्या.
मी उसने पैसे घेतले, पण नऊ चुकवले नाहीत.

एका मंगळवारी पोती शिवताना लक्षात आलं
की काहीच दुखत नाहीये.
भीतीच वाटली. जुना भाडेकरू
न सांगता गेल्यासारखी.

किराणावाली आर्लिंदा परवा माझ्या पोटाकडे बघून म्हणाली,
हल्ली पॅड नेत नाहीस. कितवा?
दुकानात चारजणी होत्या. कान टवकारले सगळ्यांनी.
सहावा, म्हणाले मी.
खोटं नव्हतंच ते.
तिनं पिशवीत एक पपई फुकट टाकली,
आणि मी ती घेतली.
घरी येऊन कापली तर आत बियाच बिया,
काळ्या, ओल्या. बराच वेळ सुरी हातात धरून उभी होते.

काल पुन्हा तपासलं. तीन पूर्णांक एक.
डॉक्टर म्हणाल्या, छान.
बरी झालीस, असं नाही म्हणाल्या.
मीही विचारलं नाही.

गोळ्यांच्या पाकिटामागे वार छापलेत.
आज शनिवार.
जोएलनं पाणी भरून ठेवलंय, पेला झाकून,
अजून नऊला सात मिनिटं आहेत.