शेवटचा बाक

सवाईई बेटावर, रविवारी,
चिटणीस अर्पणाची यादी वाचतो,
नाव, आकडा, पुन्हा नाव.
दरसाल पहिलं माझं.

यंदा पाकिटावर नावच घातलं नाही.
जाऊन बसलो शेवटच्या बाकावर
म्हाताऱ्या सिएनीशेजारी.
झावळीच्या पंख्यानं ती वारा घेत होती,
थोडा मलाही लागत होता.

"एक निनावी," चिटणीस म्हणाला,
आणि आकडा.
माना वळल्या. मी नजर झुकवली,
झुकलेली दिसेल इतपत.

आता कुणी तरी वरून म्हणेल,
ये, असा पुढे ये –
मी कान लावून बसलेला.

"सरक की जरा," सिएनी म्हणाली,
"फालानिकोचं पोर केव्हाचं उभंय."

सरकलो
चार बोटं.
पोर बसलं. त्याच्या ओल्या पायांची वाळू
माझ्या पांढऱ्या लुंगीला लागली.