धुपाटणं

पेटी आली तरी लगेच उघडायची नसते.
चोवीस तास तशीच ठेवायची,
मुंबईच्या हवेची तिला सवय होऊ द्यायची.
मला नाही झाली इतक्या वर्षांत,
पण मी मातीची नाही. किंवा आहे. ते जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी सुर्व्यांनी स्क्रू काढले.
फोमच्या कोनाड्यातून मी दोन्ही हातांनी उचललं:
वीतभर उंच, एकच पाय, वर पेला,
पेल्यावर टोकदार झाकण, झाकणाला अकरा भोकं.
काळ्यावर तांबूस बाई, नुसती मान आणि डोकं,
केस जाळीच्या टोपीत कोंबलेले,
कानाशी पांढरा ठिपका, म्हणजे डूल.
हनुवटीखाली कुंचल्याचा एक ओघळ,
तेवीसशे वर्षांपूर्वी कुणाकडून तरी पुसायचा राहिला,
आता पुसायची कुणालाच परवानगी नाही.

सोबतच्या कागदावर ग्रीक नाव होतं, लांबलचक.
सुर्वे दोनदा अडखळले, तिसऱ्यांदा म्हणाले,
'म्हणजे धुपाटणंच की हो, मॅडम.'

मला हसू आलं,
मास्कच्या आतल्या आत, ओलसर.

आमचं खरोखरच तेलातुपाचं दुकान होतं.
मशीद बंदरला, गुळवे आणि पुतणे,
फरशी इतकी निसरडी
की गिऱ्हाईक उंबऱ्याबाहेरूनच भाव विचारी.
पुतण्यांनी कसल्या कसल्या सह्या घेतल्या.
आधी तेल गेलं.
सहा महिन्यांनी तुपाची बाजू.
त्या संध्याकाळी अप्पा किल्ल्यांशिवाय घरी आले
तेव्हा आई दारात ऊद फिरवत उभी,
हातात, अर्थातच, तेच.
तिनं हाताकडे पाहिलं, अप्पांकडे पाहिलं
आणि अशी हसत सुटली
की शेजारच्या कुमुदताई पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या.
म्हण कुणी उच्चारली नाही.
आमच्या घरात त्यानंतरही नाही.

अहवालात सगळं लिहावं लागतं.
काठ, डावीकडे, तांदळाच्या दाण्याएवढा टवका.
पायाच्या पोकळीत बोटाचा ठसा, बहुधा अंगठा,
माझ्या अंगठ्याहून लहान.
झाकणाला आतून काजळी.
काजळीपुढे पाठवणाऱ्यांनी लाल शाईत लिहिलंय: साफ करू नये.
कुठल्या देवीपुढे जळलं, त्यांना ठाऊक नाही.
देऊळ होतं की थडगं, तेही नाही.
आत काय जाळलं, त्याचा चिमूटभर नमुना
कुठल्याशा प्रयोगशाळेत दोन वर्षं पडून आहे.

म्हणजे त्यांचंही.

खोर्शेद मॅडम चष्मा कपाळावर चढवून वाकून बघून गेल्या.
'वासाचा रकाना नाय तुझ्या फॉर्मात?'
नाही.
त्या गेल्यावर मी मास्क खाली ओढला.
माती. थोडा फोम. बाकी माझाच श्वास.

गुरुवार होता.
पाचाच्या सुमाराला मागच्या गल्लीत इसाक येतो,
डालड्याच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडलेली, तारेची कडी,
चष्मेवाल्याकडे, रबरी शिक्केवाल्याकडे,
त्या बंद पडत आलेल्या पेनांच्या दुकानात
दोन फेऱ्या जास्त.
पुठ्ठ्यानं वारा घालतो, नाणं घेतो, पुढे.

लॅबची खिडकी उघडायची नसते.
मी उघडली, दोन बोटं.
धूर आला, खालच्या अंगानं,
टेबलाच्या कडेला रेंगाळला.
अकरा भोकांतून आत गेला की नाही
हे मला सांगता यायचं नाही.
भिंतीवरच्या यंत्रात पन्नासाचे त्रेपन्न झाले,
मी कडी लावली, हळूहळू पुन्हा पन्नास.

शेवटचा रकाना: हाताळणीत झालेला बदल.
नाही, असं लिहिलं. सही केली, तारीख घातली.

मग आईला फोन लावला.
'या वेळी? काय गं?'
काही नाही. दिवेलागण झाली का?
'झाली की. ऊद संपलाय पण.
येताना आण. मागच्या वेळसारखा भेसळीचा नको.'