तेवीस दिवस

चौथ्या पत्राला उत्तर आलं.
खाकी लिफाफ्यात एकच झेरॉक्स, तीही तिरपी;
कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा उमटलाय,
जिवंत माणसाचा, रजिस्टर दाबून धरणाऱ्या.

इंदोऱ्यात मे महिना. मावशी कूलरसमोर.
'मेलेल्या माणसाची हजेरी कायले घेतं रे?'
म्हणते, आणि चष्मा शोधते.

तिच्या सांगण्यात आजा सुभेदार होता.
बसऱ्याला त्यानं दोन तुर्क मारले, कधी चार,
पाहुणे किती बसलेत त्यावर.
तलवार होती म्हणे. ती इतवारीत विकली,
कुणाच्या लग्नासाठी, ते मात्र कुणीच सांगत नाही.

कागदावर: धुमा सम कुमार.
डोमा सोमकुवरचं हे असं झालं
कामठीच्या एका टेबलावर.
मागं रांग असणार, कारकुनाला भूक लागलेली.
उंची पाच फूट तीन. डाव्या भुवईवर वण.
काम: खेचरं हाकणं.
नावापेक्षा खेचरांचे नंबर नीट लिहिलेत,
एकेक आकडा घोटून.

मी बत्तीस वर्षं वीज मंडळात मीटर वाचले.
घराला कुलूप असलं की आम्ही सरासरी टाकायचो.
बिल जायचं, लोक भरायचे,
आत रात्रभर दिवा कुणासाठी जळला
ते आकड्यात येत नसे.
सुभेदार ही आमची सरासरी.

मग शेवटचा रकाना. लाल शाई असावी,
झेरॉक्समध्ये काळीच.
गैरहजर. ऑक्टोबर, सन अठरा. तेवीस दिवस.
पगार कापला.
बाकी कोरं.

कोरं होतं ते मावशीकडं होतं,
पण दुसऱ्याच गोष्टीत, जिच्यात सुभेदार नव्हता:
मानमोडीच्या सालात तारशाला बायजा गेली,
कुशीत सव्वा महिन्याची पुनी, म्हणजे माझी आजी.
उचलायला घरात कुणी उभं नव्हतं.
अन् रात्री एक माणूस आला, पायात एकच बूट,
खांद्यावर दुभती शेळी.
'कोण माणूस?' लहानपणी आम्ही विचारायचो.
'असन कोणी,' म्हणायची.

परवा मी स्कूटरनं गेलो, कामठीहून कन्हानच्या कडेनं.
वाळूचे ट्रक, एक बंद पडलेलं राइस मिल,
दीड तास, त्यात दोनदा चहा.
शेळी कुठं मिळाली असेल, ते विचारत होतो स्वतःला.
पैसे होते का? की तीही कुणाच्या तरी हजेरीतून कमी झाली?
तारशात कुणी ओळखीचं उरलेलं नाही.
नदीला घोट्याएवढं पाणी.

कागद वाचून दाखवला तेव्हा
मावशी बराच वेळ कूलरकडं पाहत राहिली.
तलवार गेली, तुर्क गेले, ती काहीच बोलली नाही.
मग म्हणाली, 'तेवीस दिवसाचा पगार किती होते रे?'
महिना अकरा रुपये धरून
मी पेनाच्या टोपणानं चादरीवर हिशोब केला:
आठ रुपये, सात आणे.
'आपुन सारे स्वस्तातच पडलो बापा,'
ती म्हणाली, आणि पोट धरून हसली,
इतकी, की पाणी आणावं लागलं.

रात्री पेन्सिलनं
धुमा खोडून डोमा लिहिलं.
आडनावाला हात लावणार होतो,
तेवढ्यात लाइट गेली.
खालून पोट्टे ओरडले, कूलर थांबला,
आणि अंधारात मावशी विचारते,
'खेचराईले नावं नोहोती का रे, नुसते नंबरच?'