वाकडी वाट

शेडमध्ये, लोकरीच्या गाठोड्यांमागे
अकरा वर्षं उभी होती बापाची सुझुकी.
चौऱ्याहत्तरची. टू-स्ट्रोक. टाकी पिवळी,
गुडघे घासून घासून दोन्हीकडे पांढरी पडलेली.
इंडिकेटर त्यानंच करवतीनं कापलेले:
कुठे वळतोय ते मेंढ्यांना कशाला सांगायचं?
ऑइलपंपही काढून टाकलेला.
तेल हातानं मोजायचा, पेट्रोलमध्ये ढवळायचा,
प्रमाण कुणाला सांगायचा नाही.

टॅरसमध्ये सगळे म्हणत, अ‍ॅलिस्टर डोंगरातला माणूस,
डांबर दिसलं की तोंड फिरवायचा.
मागच्या चाकावर चढणीचं मोठं दातेरी चक्र
अजून बसवलेलं होतं.
दात जवळजवळ कोरे.

मग खिळ्यांच्या डब्याखाली दुसरं सापडलं.
लहान. रस्त्याचं.
पंच्याऐंशीच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं,
आणि दातांच्या अक्षरशः कण्या झालेल्या.
आमच्यापुढे, आईपुढेसुद्धा,
ज्यानं कधी कशासाठी दातांच्या कण्या केल्या नाहीत,
त्याचं.

कार्ब्युरेटर उकळला, पॉइंट घासले, प्लग नवा.
तेच झिजलेलं चक्र चढवलं, जुन्याच चेनसकट.
सातव्या किकला खोकली.
अकराव्या किकला निळा धूर, आणि तो आवाज,
डब्यात कोंडलेल्या गांधीलमाश्यांचा.
आईनं स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली.
बाहेर न बघता.

तपासणीवाल्या नेव्हिलनं आरसे मागितले, हॉर्न मागितला,
इंडिकेटर तर मागितलेच.
सगळं दिलं.

लिंडिस खिंडीत तिसऱ्या गिअरला ती रडकुंडीला आली.
दोन्हीकडे गवताच्या टेकड्या, मागे दुधाचा टँकर.
ज्याची सरळ वाट कड्याकपारीतून जायची
त्याची वाकडी वाट ही अशी,
गुळगुळीत, मधोमध पांढरा पट्टा मारलेली.
कुठे जायचं मी ठरवलं नव्हतं.
टाकी सात लिटरची. म्हटलं, तीच ठरवेल.

ओमारामा मागे पडलं. बरंच मागे.
मग इंजिन गुदमरलं. कॉक रिझर्व्हवर फिरवला
आणि पहिला पंप दिसला तिथे वळले.

मी हेल्मेट काढायच्या आतच
एक म्हातारी दारातून बाहेर आलेली,
पायांत दोन वेगवेगळ्या चपला,
हातात तेलाचं मापटं.
"विसाला एक," म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

मग मी हेल्मेट काढलं.

तिनं मापटं खाली ठेवलं नाही.
बराच वेळ माझ्या कपाळाकडे बघत राहिली,
मग स्वतःचं नाव सांगितलं, नायरी,
आणि साडेतीनशे मिली मोजून घेतलं,
डोळ्यांसमोर धरून, रेघेवर रेघ.
थेंब सांडला नाही.
पैसे घेतले. सुटे परत दिले.
त्याचं नाव दोघींनीही घेतलं नाही.

मी किक मारायला पाय उचलला तेव्हा
ती पंपाच्या खांबाला टेकून म्हणाली,
"लिंडिस दुसऱ्या गिअरमध्ये चढव.
तिसरा तिला झेपत नाही."