ताणचाचणी

भोसरीत, सेक्टर सातच्या शेडमध्ये
माझं काम सळया ओढायचं.
म्हणजे ओढतं मशीन, मी आकडे लिहितो.
सळई दोन्ही जबड्यांत धरायची, बटण दाबायचं,
काटा चढतो, चढत जातो,
मग एका जागी जरासा अडखळतो.
तिथपर्यंत सोडलं तर सळई पहिल्यासारखी होते.
त्यानंतर नाही.
नव्या पोरांना मी सांगतो,
तुटायच्या आधी ती मध्येच बारीक होते, गळ्यासारखी,
आवाज येतो तो शेवटी, सगळं झाल्यावर.

नऊ वर्षं हे मला पाठ आहे.

तरी साखरपुडा झाल्यावर,
रात्री दीड वाजता, रूममेट नाइट शिफ्टला,
मोबाइलवर एक दाढीवाला सांगत होता
धरा, खेचा, तीस मोजा, बाजू बदला,
गरम टॉवेल, रोज वीस मिनिटं, नव्वद दिवस,
आणि मी मोजत होतो.
पट्टी कारखान्याचीच. कॅलिब्रेशनचा शिक्का असलेली.
पहिल्या आठवड्यात दोन मिलिमीटर.
दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट असता तर
'मोजणाऱ्याची चूक' असा शेरा मारला असता.

बाविसाव्या रात्री मी चाळीस मोजले.
आवाज वगैरे काही आला नाही.
सकाळी काळानिळा डाग,
टोकाला मुंग्या,
आणि संध्याकाळी मुंग्याही नाहीत.
भीती त्याची वाटली.

ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून
दोन बस बदलून टिळक रोडला गेलो.
दुसरा मजला, मूत्ररोग.
कोपऱ्यात आमच्या क्वालिटीचे बोत्रेसाहेब,
मांडीवर फाइल उलटी धरलेली.
'सुट्टी?'
'हाफ डे.'
'मीपण.'
मग अर्धा तास आम्ही दोघं
टाकीतल्या माशांकडे बघत बसलो.

पाटीवर नुसती आद्याक्षरं होती.
डॉक्टर फरांदे बाई निघाल्या.
बाथरूममध्ये घसरलो, म्हणालो.
त्यांनी तपासलं, हातमोजे काढले, पाणी प्यायल्या.
'किती दिवस घसरताय?'

'बावीस.'

प्रिस्क्रिप्शनच्या मागे त्यांनी एक नळी काढली,
तिच्याभोवती पेनाने एक पातळ रेघ.
'हा दंड नाही, गव्हाणे, जोर मारून फुगायला.
ओढलं की हे अस्तर फाटतं, बारीक शिरा फुटतात,
तिथे व्रण धरतो. व्रण ताणला जात नाही,
मग जन्माचा वाक.
लवकर आलात. सहा आठवडे हात लावायचा नाही.'
दाराशी पोचलो तेव्हा, मान वर न करता,
'आधीही सगळं ठीकच होतं.
मोजायला कुणी सांगितलं होतं?'

कुणीच नाही.
रेणुकाने साखरपुड्यात अंगठी घालताना
माझ्या अंगठ्यावरचा टाका पाहिला होता तेवढा.
'हे कशाने?'
सळईची धार, म्हटलं.
'दुखतं का अजून?'
नाही म्हटलं. ते खरं होतं.

आज जबड्यात नवी सळई.
नवा पोरगा विचारतो, सर, जरा जास्त ओढून बघू?
मी त्याचा हात बटणावरून काढतो,
थोडा जोरातच.
काचेपलीकडे बोत्रेसाहेब खाली मान घालून
कशावर तरी सही करतात.

अकरा दिवस झाले.
काल रात्रीपासून मुंग्या परत आल्यात.
थोड्या.